नवा ट्रॅव्हल ट्रेलर: दोष कसे शोधायचे आणि वॉरंटीत दुरुस्त कसे करून घ्यायचे

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक असे ट्रेलर इंडियाना राज्याच्या उत्तर भागात, एल्कहार्टच्या आसपासच्या कारखान्यांत तयार होतात. तिथलं बरंचसं काम अजून हातानेच होतं. पाइप जोडणं, वायरी ओढणं, कपाटं ठोकणं, छतावर सीलंट लावणं, सगळं माणसं करतात आणि घाईत करतात. नंतर तो ट्रेलर डीलरच्या आवारात पोचेपर्यंत शेकडो मैल हिसके खातो. त्यामुळे नव्या कोऱ्या ट्रेलरमध्ये काही ना काही निघणारच, हे धरून चालावं. आपलं काम एवढंच की दोष लवकर शोधायचे, लेखी नोंदवायचे आणि ज्याची जबाबदारी आहे त्याच्याच गळ्यात घालायचे. यातलं कुठलंही एक राहिलं की वॉरंटी असूनही खर्च आपल्या खिशातून होतो.

वॉरंटी एक नसते

ट्रेलर बनवणारी कंपनी साधारणपणे एक वर्षाची मूळ वॉरंटी देते. काही कंपन्या सांगाडा, भिंती आणि छत यांसाठी त्याहून जास्त मुदत देतात. फ्रिज, एसी, वॉटर हीटर, फर्नेस (आतली हवा गरम करणारी भट्टी), अ‍ॅक्सल, टायर आणि बॅटरी मात्र दुसऱ्यांनी बनवलेल्या असतात आणि त्यांच्या वॉरंट्या बऱ्याचदा वेगळ्या असतात. ट्रेलरची मुदत संपली तरी एखाद्या उपकरणाची चालू असू शकते. म्हणून ताबा घेतल्याच्या आठवड्यातच प्रत्येक उपकरणाच्या मॉडेल आणि सीरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढा आणि त्या त्या कंपनीकडे नोंदणी करा. फ्रिजची पट्टी बहुधा आतल्या बाजूला सापडते, वॉटर हीटरची बाहेरच्या झाकणाच्या आत. एसीची पट्टी छतावर चढण्याआधी आतल्या जाळीमागे शोधा. टायरवर ‘डीओटी’ने सुरू होणारा नंबर असतो. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते, नाहीतर टायर परत मागवले गेल्याचं पत्र तुमच्यापर्यंत येणारच नाही.

वॉरंटीची पुस्तिका विकत घेण्याआधी मागून वाचा. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस या अमेरिकेच्या वॉरंटीविषयक कायद्यानुसार विक्रेत्याने ती आधी दाखवायला हवी. त्यात तीन कलमं शोधा. पहिलं, ट्रेलरमध्ये कायमचं राहणं किंवा तो भाड्याने देणं चालतं का. अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत दोन्ही वगळलेलं असतं. दुसरं, दोष दिसल्यापासून किती दिवसांत कळवायचं. तिसरं, दावा कोणत्या राज्यातल्या न्यायालयात आणि किती मुदतीत करता येतो. ही मुदत पुष्कळदा कायद्याच्या नेहमीच्या मुदतीपेक्षा आखूड ठेवलेली असते.

सही करण्याआधीची तपासणी

तुमच्या हातात सगळ्यात जास्त जोर असतो तो सही करून पैसे देण्याआधी. नंतर तुम्ही दुरुस्तीच्या रांगेतलं आणखी एक नाव होता. तेव्हा ताबा घेण्याच्या दिवशी डीलरकडे निदान तीन-चार तास मागा आणि वीज, पाणी, गॅस तिन्ही जोडून ठेवायला सांगा. ‘सगळं तपासलंय, तुम्ही फक्त सही करा’ असं ऐकू आलं तर त्या दिवशी सही करू नका. स्वतःला जमण्यासारखं वाटत नसेल तर पैसे देऊन प्रमाणित आरव्ही (राहायच्या सोयीची वाहनं) निरीक्षक आणा. त्याची फी ट्रेलरच्या किमतीपुढे नगण्य असते.

सोबत एवढं न्या: टॉर्च, मल्टिमीटर, आउटलेट तपासायचं तीन दिव्यांचं प्लग-टेस्टर, स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी, थर्मामीटर, निळी मास्किंग टेप आणि लाकडातला ओलावा मोजणारं मीटर. जिथे दोष दिसेल तिथे टेपचा तुकडा चिकटवायचा आणि फोटो काढायचा.

वीज. ट्रेलर बाहेरच्या विजेला जोडलेला असताना बॅटरीच्या टोकांवर १३.२ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १२.७ च्या वर जातच नसेल तर बॅटरी चार्ज होत नाही. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे बॅटरी बसवताना कुणीतरी क्षणभर उलटी जोडलेली असते आणि कन्व्हर्टरचे (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) उलट्या जोडणीपासून वाचवणारे फ्यूज उडालेले असतात. काम पाच मिनिटांचं आहे, पण ते डीलरनेच करायचं. प्लग-टेस्टर प्रत्येक आउटलेटमध्ये घालून बघा. स्वयंपाकघर आणि बाथरूममधल्या जीएफसीआय आउटलेटचं (वीज जमिनीकडे गळली की ती तोडणाऱ्या) ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर वीज तुटलीच पाहिजे.

पाणी. टाकी भरा, पंप चालू करा, प्रत्येक नळ उघडून हवा काढा आणि सगळे नळ बंद करा. पंप थांबला पाहिजे. कुणी पाणी वापरत नसताना तो मधूनच क्षणभर घुरघुरला तर दाब कुठेतरी निसटतो आहे. सिंकखाली, संडासामागे, वॉटर हीटरच्या पाठीमागे आणि शॉवरच्या पॅनेलमागे हात फिरवून बघा. प्लास्टिकच्या जोडांचे नट कारखान्यात जेमतेम घट्ट केलेले असतात आणि प्रवासात आणखी ढिले होतात. मग पंप बंद करून बाहेरच्या नळाचं पाणी जोडा, दाब-नियंत्रक लावून ४५ ते ५० पीएसआयवर (दाबाचं एकक), आणि पुन्हा तेच तपासा. बाहेरच्या नळाला जोडलेलं असताना टाकी आपोआप भरत असेल तर पंपातला एकतर्फी व्हॉल्व्ह गळतो आहे. पाण्याची धार बारीक येत असेल तर पंपाची जाळी उघडायला लावा. टाकीला भोकं पाडताना उरलेला प्लास्टिकचा भुगा तिथेच अडकतो.

गॅस. डीलरने प्रोपेनच्या लाइनची दाब-चाचणी केली का आणि रेग्युलेटरचा दाब किती मिळाला, हे लेखी मागा. साधारण ११ इंच वॉटर कॉलम (गॅसचा दाब मोजायचं एकक) हा अपेक्षित आकडा आहे. बाहेर दिसणाऱ्या जोडांवर साबणाचं पाणी तुम्हीच फवारा. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला साबण मात्र नको, कारण तो पितळ खातो.

थंडावा. एसी पंधरा-वीस मिनिटं चालवून आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजा. १६ ते २२ अंश फॅरेनहाइटचा फरक हवा. यंत्र थंड हवा देत असूनही खोली गार होत नसेल तर छताच्या जाळीमागे डोकावा. थंड हवेचा आणि परतीच्या हवेचा कप्पा वेगळा करणारी पट्टी नीट चिकटवलेली नसली की थंड हवा तिथल्या तिथेच परत ओढली जाते. गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज थंड व्हायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून तो आदल्या दिवशीच चालू करून ठेवायला सांगा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज काही तासांतच कळतो.

स्लाइड-आउट, म्हणजे ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग, दोनदा पूर्ण बाहेर काढून आत घ्या. दोन्ही टोकं एकाच वेगाने सरकतात का आणि रबराची पट्टी कुठे आत दुमडते का, ते पाहा. शेवटी ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणारा) पिन ओढा. चाकांचे ब्रेक लगेच आवळले पाहिजेत. पिन काही सेकंदांतच परत घाला.

निघालेली यादी डीलरच्या कागदावर उतरवा आणि कोणती वस्तू कधी दुरुस्त होणार त्याच्या तारखेसह त्याची सही घ्या. गॅस, ब्रेक, चाकं किंवा पाणी आत येणं यातलं काही असेल तर दुरुस्ती झाल्याशिवाय ट्रेलर हलवू नका. कपाटाचं बिजागर नंतर आलं तरी चालतं.

पहिला महिना जवळच काढा

पहिली सहल हजार मैलांवर नको. डीलरपासून तासाभराच्या कॅम्पग्राउंडवर दोन-तीन रात्री राहा आणि सगळं वापरा: ओव्हन, फर्नेस, बाहेरचा शॉवर, प्रत्येक यूएसबी पॉइंट. चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचने तपासा. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या. अर्ध्या इंची स्टडसाठी (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तो बहुधा ९० ते १२० फूट-पाउंडांच्या दरम्यान असतो. नव्या चाकांचे नट बसताना सैल पडतात. तपासले नाहीत तर चाक निखळू शकतं आणि तेव्हा कंपनी पहिला प्रश्न याच तपासणीबद्दल विचारते. विजेवर चालणारे ब्रेक स्वतः समायोजित होणारे नसतील तर पहिल्या २०० मैलांनंतर समायोजित करावे लागतात.

टायर आतल्या कडेला झिजत असेल तर अ‍ॅक्सल वाकलाय किंवा अलाइनमेंट चुकलंय अशी शंका घ्या. कंपनीचं ठरलेलं उत्तर येतं: ‘वजन जास्त भरलं असेल.’ म्हणून सामानाने भरलेल्या ट्रेलरचं ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर एकदा वजन करून पावती जपून ठेवा. त्या चिठोऱ्यावर वाद मिटतो.

काही गोष्टी दोष वाटतात पण नसतात, आणि त्यासाठी वर्कशॉपला फेरी मारली की तपासणीचं बिल हातात पडतं. गरम पाणी कोमट येतंय? बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ उघडे आणि फक्त शॉवरच्या तोंडावरचं बटण बंद असेल तर गरम-गार पाणी तिथेच मिसळतं. गरम पाणी अजिबात येत नसेल तर वॉटर हीटरचे बायपास व्हॉल्व्ह (पाणी हीटरला वळसा घालून नेणारे) हिवाळ्याच्याच स्थितीत राहिले आहेत का ते बघा. सांडपाण्याच्या टाकीचे दिवे खोटं सांगतात, ही तर जवळपास सगळ्याच ट्रेलरची रीत आहे. त्याचा पिच्छा पुरवू नये. याउलट, वॉटर हीटरची स्वतःची टाकी रिकामी असताना त्याचं विजेचं बटण दाबलं तर कॉइल क्षणात जळते. हे वॉरंटीत कधीच बसत नाही.

पाणी आत येणं: यात हयगय नको

बाकीचे दोष त्रास देतात, पण गळती ट्रेलरच संपवते. भिंती बहुधा पातळ प्लाय, फोम आणि फायबरग्लास एकमेकांना चिकटवून केलेल्या असतात. आत पाणी शिरलं की चिकटपणा जातो आणि बाहेरचा थर फुगतो. ऊन तिरपं असताना भिंतीला समांतर नजर टाका, फुगवटा सावलीत उठून दिसतो. एकदा भिंत सुटली की ती पूर्ववत करणं फार महाग पडतं.

मुसळधार पावसानंतर दर वेळी कपाटांचे कोपरे, स्लाइडच्या वरच्या कडा, खिडक्यांखालची जागा आणि पुढच्या भागातल्या वरच्या दिव्यांची मागची बाजू हाताने चाचपा. ओलावा-मीटर लाकडात १५ टक्क्यांच्या खाली दाखवत असेल तर ठीक. २० च्या वर गेला तर पाणी कुठूनतरी येतंय. ट्रेलरच्या तळाचं प्लास्टिकचं आवरण एखाद्या ठिकाणी पोटासारखं लोंबत असेल तर वर पाइप गळतो आहे आणि पाणी तिथे साठलं आहे.

बहुतेक पुस्तिकांत छताचं सीलंट दर तीन महिन्यांनी तपासायची अट असते. ती पाळली नाही तर ‘देखभालीतला हलगर्जीपणा’ म्हणून दावा नामंजूर होतो आणि गळतीच्या दाव्यांत हेच कारण वरचेवर ऐकू येतं. म्हणून दर तीन महिन्यांनी छताचे आठ-दहा फोटो काढा. झरोके, स्कायलाइट, पाइपांची टोकं, पुढची आणि मागची कड, सगळं त्यात आलं पाहिजे. फोनमधल्या फोटोवर तारीख आपोआप राहते. भेग दिसली तर छताच्या प्रकाराला चालणारं स्वतः पसरणारं सीलंटच वापरा. सिलिकॉन नको, त्यावर नंतर दुसरं काहीच धरत नाही.

चालू गळती दिसली तर आधी फोटो आणि व्हिडिओ, मग लगेच ईमेल, मग नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री किंवा सहज निघणारी टेप. नुकसान वाढू दिलं तर वाढलेला भाग तुमच्या माथी मारला जातो. भिंत किंवा पॅनेल मात्र उघडू नका, नाहीतर पुरावाच निघून जातो.

तक्रार लिहायची कशी

वर्कशॉपला कंपनीकडून पैसे मिळतात ते तीन गोष्टी लिहिल्यावर: तक्रार काय, कारण काय, केलं काय. पहिली तुमच्याकडून जाते, आणि ती मोघम असली की ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. ‘फर्नेस चालत नाही’ असं लिहू नका. असं लिहा: ‘फर्नेसचा पंखा सुरू होतो, तीन वेळा ठिणगीचा आवाज येतो, ज्योत पेटत नाही, मग पंखा बंद पडतो. बॅटरी १२.६ व्होल्ट, गॅस भरलेला, शेगडी व्यवस्थित पेटते. रोज सकाळी असं होतं.’ शेगडी पेटते हे सांगितल्याने गॅस येत नसल्याची शक्यता बाद झाली आणि तंत्रज्ञाचा अर्धा तास वाचला.

यादीला क्रमांक द्या, प्रत्येकाचा एक लांबून आणि एक जवळून फोटो जोडा, अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचा व्हिडिओ घ्या. ती डीलरला ईमेलने पाठवा आणि ट्रेलर कंपनीच्या ग्राहक विभागाला प्रत द्या. विषयात व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा सतरा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक, हवा. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी दोन ओळींची ईमेल टाका: ‘आज अमुक जणांशी बोलणं झालं, त्यांनी असं सांगितलं.’

किरकोळ दोष साठवून एकाच खेपेत द्यावेत. एकेकासाठी ट्रेलर नेलात तर उन्हाळा वर्कशॉपच्या आवारातच जाईल. पण दोष कळवणं लांबवू नका. दुरुस्ती उशिरा चालते, नोंद उशिरा चालत नाही.

वर्कशॉपला देताना आणि घेताना

तुमच्या तक्रारीवरून डीलर कंपनीकडे मंजुरी मागतो, कंपनी फोटो मागते, मंजुरी येते, भाग मागवला जातो, भाग येतो आणि मग काम होतं. प्रत्येक टप्प्यावर दिवस जातात आणि वसंत ऋतूत वर्कशॉप ओसंडून वाहत असतं. तेव्हा भाग येईपर्यंत ट्रेलर तिथे सोडायची खरंच गरज आहे का, हे विचारा. फोटोंवर मंजुरी मिळत असेल तर ट्रेलर घरी ठेवा, भाग आला की न्या. कंपनी ठरावीक कामाला ठरावीक तासच देते. शोधायला लागलेला वेळ त्यात फारसा धरत नाही. म्हणूनच दुसऱ्या डीलरकडून घेतलेला ट्रेलर स्थानिक डीलर नाखुशीने घेतो किंवा घेतच नाही. लांबच्या राज्यातून स्वस्तात घेण्याआधी जवळच्या डीलरला विचारून ठेवावं ते याचसाठी.

ट्रेलर देताना कामाचं आदेशपत्रक हातात घ्या. त्यात तुमची प्रत्येक तक्रार तुमच्याच शब्दांत आणि तारीख असली पाहिजे. ‘कागदाची गरज नाही, बघून घेतो’ याला नम्रपणे नकार द्या. ज्याचं आदेशपत्रक नाही तो दुरुस्तीचा प्रयत्न पुढे कुणीच मोजत नाही. दर आठवड्याला एकच ईमेल: दावा कोणत्या तारखेला पाठवला, त्याचा क्रमांक काय, भागाचा क्रमांक काय, कधी येणार. परत घेताना आवारातच पुन्हा सगळं चालवून बघा आणि कारण, बदललेला भाग, आत-बाहेर तारखा लिहिलेलं बंद झालेलं पत्रक घ्या. ट्रेलर किती दिवस वर्कशॉपला होता, याचा हिशेब पुढे कामाला येतो.

डीलर दाद देत नसेल तर कंपनीकडे फिरत्या तंत्रज्ञाची परवानगी मागा. काम सुरू होण्याआधी मंजुरीचा क्रमांक लेखी हवा. नंतर पाठवलेली बिलं सहसा परत येतात. कुलूप, ड्रॉवरची पट्टी, नळ अशा गोष्टी स्वतः बसवायची तयारी दाखवलीत तर बऱ्याच कंपन्या भाग घरी पाठवतात. सगळ्यांत झटपट मार्ग हाच. गॅस, १२० व्होल्टची वीज आणि सांगाडा यांना मात्र हात लावू नका.

देखभाल स्वतः केली किंवा दुसरीकडे करून घेतली म्हणून वॉरंटी रद्द, असं कुणी म्हणालं तर मॅग्नसन-मॉस कायद्याची आठवण करून द्या. विशिष्ट दुकानातूनच किंवा विशिष्ट कंपनीच्याच मालाने देखभाल करा अशी अट, ती सेवा फुकट दिल्याशिवाय, सहसा घालता येत नाही. देखभाल केल्याच्या पावत्या मात्र दाखवाव्या लागतात.

सुरक्षेचा दोष आणि रिकॉल

हा मार्ग वॉरंटीपासून वेगळा आहे. ट्रेलर हे कायद्याने मोटार वाहनच आहे, त्यामुळे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा रिकॉल (सदोष माल परत मागवून दुरुस्त करायला लावणं) त्याला लागू होतो. दुरुस्ती फुकट होते, वॉरंटी संपली असली तरी, आणि पहिल्या खरेदीपासून १५ वर्षांपर्यंत. प्रशासनाच्या संकेतस्थळावर ट्रेलरची कंपनी, मॉडेल आणि वर्ष टाकून वर्षातून दोनदा बघा. टायर, फ्रिज, शेगडी यांचे रिकॉल स्वतंत्रपणे निघतात, तेही पाहा. गॅस, ब्रेक, अ‍ॅक्सल किंवा आगीशी संबंधित दोष तुमच्याकडे निघाला तर तिथेच तक्रारही नोंदवा. अशा तक्रारी जमल्यावर चौकशी सुरू होऊ शकते.

नकार आला तर

नकार लेखी मागा आणि तो पुस्तिकेच्या कोणत्या कलमाखाली दिला तेही विचारा. अनेकदा हा प्रश्न विचारल्यावरच फाइल पुन्हा उघडते. मग ग्राहक विभागातल्या वरच्या माणसाकडे तारखांचा तक्ता, आदेशपत्रकं आणि फोटो एकत्र पाठवा. तरीही हललं नाही तर कंपनी आणि डीलर दोघांनाही पोचपावतीच्या प्रमाणित टपालाने नोटीस द्या: दोष काय, किती वेळा दुरुस्ती झाली, किती दिवस ट्रेलर वापरता आला नाही, तुम्हाला काय हवं आहे. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) ग्राहक विभागाकडे तक्रार फुकट करता येते.

‘लेमन लॉ’वर, म्हणजे वारंवार बिघडणारं नवं वाहन बदलून किंवा पैसे परत मिळवून देणाऱ्या कायद्यावर, आंधळी भिस्त नको. तो प्रत्येक राज्याचा वेगळा आहे आणि ओढून न्यायचे ट्रेलर सगळ्याच राज्यांत त्यात येत नाहीत. मॅग्नसन-मॉस मात्र देशभर लागू आहे, आणि त्याखाली जिंकल्यास न्यायालय वकिलाची वाजवी फी कंपनीकडून देववू शकतं. त्यामुळे अशी प्रकरणं आगाऊ फी न घेता लढणारे वकील सापडतात. या सगळ्या काळात कर्जाचे हप्ते थांबवू नका. ट्रेलर वर्कशॉपला आहे हे कारण बँक मानत नाही.

अकराव्या महिन्यात

एक वर्षाची वॉरंटी असेल तर संपण्याच्या एक महिना आधी ताबा घेतानाची संपूर्ण तपासणी पुन्हा करा. यावेळी छतावर जास्त वेळ द्या, ट्रेलरखाली झोपून स्प्रिंग, त्यांचे बोल्ट आणि वेल्डचे सांधे टॉर्चने बघा, ओलावा-मीटर प्रत्येक कोपऱ्यात टोचा. जे निघेल ते मुदत संपण्याआधी ईमेलने कळवा आणि पोच आल्याची खात्री करा. पोच येत नसेल तर तीच यादी प्रमाणित टपालाने पाठवा. अपॉइंटमेंट दोन महिन्यांनंतरची मिळाली तर डीलरकडून ‘हे दोष मुदतीत कळवले आहेत’ एवढं एक वाक्य लिहून घ्या.